उजवा कौल

देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या बोटाने एकेक पाकळी चिकटवून भिवा गुरव मागे सरला. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाभाऱ्याबाहेर किल्लेदार हात जोडून उभा होता आणि त्याच्यामागे गडावरची तीनशे माणसं श्वास रोखून.

"आई, खाली वेढा घालून बसलेत त्यांच्या तोफा वीस, माझ्या दोन. माझी भिस्त तोफांवर नाही, तुझ्यावर आहे. उजवा दिलास तर दरवाजा उघडून चालून जातो. डावा दिलास तर मागच्या वाटेने माणसं उतरवतो."

उजवी पाकळी अलगद पडली. एकच गर्जना उठली. "मामा, संध्याकाळी गोडाचं करायला सांगा!" असं ओरडत भिवाचा जावई सगळ्यांच्या पुढे धावला.

भिवाने पडलेली पाकळी उचलली. उजव्या पाकळीला पाणी कमी लावायचं, हे त्याला बापाने शिकवलं होतं. नकार ऐकवणाऱ्या गुरवाकडे पूजा फार दिवस राहत नाही. लग्नाच्या, पेरणीच्या कौलांत त्यामुळे कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आजही हात सवयीनेच तसा फिरला होता.

दरवाजाचा अडसर काढल्याचा आवाज आला. रिकाम्या देवळात भिवाने दोन ताज्या पाकळ्या घेतल्या, दोन्हींना सारखं पाणी लावलं आणि जन्मात पहिल्यांदा देवीला खरं विचारलं.

त्याने हात मागे घ्यायच्या आतच डावी पडली.