घंटा वाजली की

देवळाच्या मंडपात शिरताना बुवांनी उपरणं झटकलं. त्यांच्या कीर्तनाला पाच म्हाताऱ्या यायच्या. आज मात्र वादळांचा अभ्यास करणाऱ्या मॅडमभोवती अख्खा कोळीवाडा बसला होता. गेल्या वादळात पाणी कुठवर चढलं, ते जो तो त्यांना सांगत होता. बुवांचा तबलजीसुद्धा.

“आमच्या वेळेला याचा हात दुखतो,” बुवा पुटपुटले.

शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, की वादळ यायचं झालं तर बुवांनी घंटा वाजवायची आणि लोकांनी टेकडीवरच्या शाळेत जायचं.

तालमीच्या दिवशी बुवांनी घंटा वाजवली. पण घंटा ऐकली की देवळाकडे वळायचं, हेच पायांना ठाऊक. माणसं किनाऱ्यावरच्या देवळातच आली, चपला काढून बसलीसुद्धा.

“बुवा, आज कीर्तन हाय काय?” होडीवरच्या तांडेलांनी विचारलं.

भरलेला मंडप पाहून बुवांना हसू आवरेना. तेवढ्यात मॅडम धापा टाकत शाळेतून खाली आल्या.

“आज खरंच वादळ असतं तर...” त्यांनी समुद्राकडे बोट दाखवलं.

बुवांनी मांडीवर लेकरं घेऊन बसलेल्या बायकांकडे पाहिलं, मग पायरीला लागलेल्या भरतीकडे. त्यांनी चिपळ्या उचलल्या.

“आजपासून कीर्तन शाळेत. दर एकादशीला घंटा वाजली की तिकडेच चढायचं. चला, विठ्ठल विठ्ठल.”

गजर करत सगळी चढणीला लागली.

“बुवा, पुढल्या एकादशीला मीही येते,” मॅडम म्हणाल्या.

“या की. पण मागे बसा. पुढे बसलात, तर माझ्याकडे बघणार कोण?”