पेटीतला ताजा भुसा

पेटीत पुन्हा लाकडाचा ताजा भुसा होता. दादाचं टाळकंच सटकलं. भांडून गेलेली धाकटी बहीण कितीतरी वर्षांनी आज घरी येणार होती, आणि तिच्यासाठी स्वतःच्या हातांनी केलेल्या या नक्षीदार पेटीला घरातलंच कुणीतरी हात लावत होतं. आतून पॉलिश पेपर घासत होतं. त्यानं तर आतली बाजू खरखरीतच ठेवली होती. तिथं मखमल लागायची होती.

"तूच ना?" पेटी उचलून तो बायकोवर डाफरला. "तिच्याशी माझी गोडी झालेली बघवत नाही तुला!"

"मला साधा खिळा ठोकता येत नाही, आणि म्हणे पॉलिश! डोकं तपासून घ्या तुमचं."

तेवढ्यात बेल वाजली. बायको दार उघडायला गेली, तरी त्याच्या हातातल्या बंद पेटीत घासल्याची खसखस चाललीच होती. त्यानं श्वास रोखला. खसखसही थांबली.

"माझ्यासाठी?" आत आलेल्या बहिणीचे डोळे भरून आले. तिनं झाकण जरासं उचलून आत हात घातला. "अय्या, किती गुळगुळीत रे!"

मग ती खुदकन हसली.

"दादा, पुरे चेष्टा. बोट सोड माझं."

त्याचे दोन्ही हात पेटीखाली होते.