गिरवलेली सही

नाव-पत्ता असलेलं प्रत्येक पाकीट द्वारकाबाई बारीक फाडून बंबात घालत. "चोराच्या हाती लागलं तर तुझ्या नावावर कर्ज काढेल," असं लेकाने बजावलं होतं. साठीनंतर सही करायलाही त्यानेच शिकवलं. गिरवलेले कागद मात्र तो जाळू देत नसे. "राहू दे आई, आठवण."

बँकेने बोलावलं तेव्हा त्या लेकालाच सोबत घेऊन गेल्या. साहेबाने बाईंच्या राहत्या खोलीवर काढलेल्या कर्जाचा कागद पुढे सरकवला. "आजी, सही तुमचीच ना?"

शेवटचा काना वाकडा होता, त्यांच्यासारखाच. शेजारी लेकाने मान खाली घातली.

"वळण माझं आहे, साहेब. हात माझा नाही."

"मग तक्रारीवर सही करा."

बाईंनी पेन बाजूला सारलं. "शाई द्या. अंगठा उठवते. तो कुणाला गिरवता येत नाही."