दगडातली बिळं

गॅलरीच्या गळतीचं काम आटोपून सहादूने थापी धुतली आणि कोणी न सांगता आणखी एक काम करून टाकलं. कट्ट्यावर बसवलेल्या पिवळ्या दगडात बोट जाईल एवढी भोकं होती. ती सगळी त्याने पांढऱ्या सिमेंटने बुजवली. सायखेड्याचा हा गवंडी हाताचा चांगला होता, आणि चांगल्या गवंड्याला भोक दिसलं की राहवत नाही.

श्यामलाताई चहा घेऊन आल्या आणि कप हातातच राहिला.

"कशाला बुजवलीत?"

"मुंग्या लय झाल्यात, मावशी. घर करतील त्यात."

"सहादू, ती घरंच होती."

रडू येईलसं वाटलं, म्हणून त्या भराभर बोलू लागल्या. दगड यजमानांनी कच्छहून आणलेला. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे ते. कोण्या काळी हा समुद्राचा तळ होता, तेव्हाही असाच टणक. शिंपल्यातले जीव तो पोखरून आत राहायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला हे पुराण ऐकावंच लागे, आणि श्यामलाताई आतून ओरडत, "अहो, पोहे गार होताहेत." ते गेल्यापासून घरी कोणी येत नव्हतं आणि पोहेही होत नव्हते.

सहादूने सिमेंट दाबून पाहिलं. अजून ओलं होतं. तो खाली बसला आणि खिळ्याने एकेक भोक उकरू लागला.

"तोंड बारीक हाय, आत पार मोठं," तो म्हणाला.

"लहान असताना शिरायचा. मग आतच वाढायचा. वाढला की त्या तोंडातून बाहेर येता यायचं नाही."

"मंग? जन्मभर आतच?"

"आतच."

"आन् खायाचं काय त्यानं?"

"पाणी यायचं ना आत. त्यातून येईल ते."

शेवटचं भोक मोकळं करून सहादूने दगडावर तांब्याभर पाणी ओतलं, फडक्याने पुसलं आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. सोसायटीला लिफ्ट नव्हती. गुडघ्यांमुळे श्यामलाताई दिवाळीपासून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या.

घमेलं उचलून तो बाहेर पडला आणि सवयीने दार ओढून घेऊ लागला.

"राहू द्या उघडं," श्यामलाताई म्हणाल्या. "जिन्यात कोणी बोललं तर ऐकू येतं."