केटो गेला नाही

"उत्तरेशी युद्ध संपलं, गुलाम मोकळे झाले, बाकीचे सगळे बघता बघता पांगले. केटो मात्र गेला नाही." डेल्फीन रटलेजनं नेहमीच्या जागी आवाज खाली आणला. "मरेपर्यंत या फाटकाशी राहिला. इतकी माया होती त्याची आमच्या घरावर."

फाटकालगतच्या त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरलं होतं: 'केटो. इमानी सेवक.' तिकीट काढून घर बघायला आलेल्या पाहुण्यांनी फोटो काढले. मिसिसिपीतलं हे पांढऱ्या खांबांचं घर डेल्फीनच्या पणजोबांचं. ही गोष्ट तिला आजीनं सांगितलेली. जुन्या पद्धतीचा घेरदार झगा घालून ती रोज सांगायची, आणि अजूनही तिचे डोळे खरोखरच भरून यायचे.

मंडळी गार चहा प्यायला ओसरीकडे वळली. एक म्हातारी काळी बाई मात्र दगडाशीच थांबली. मेम्फिसहून आलेली, व्हर्नेल टेट नावाची.

"दमलात का? खुर्ची आणू?" डेल्फीननं विचारलं.

"नको हो. सांगता छान तुम्ही. फक्त त्याच्या मुलीचं राहिलं."

"केटोला मुलगी होती?"

"चॅरिटी. माझी पणजी. कापूस बुडाला त्या साली तुमच्या पणजोबांनी तिला टेक्ससच्या दलालाला विकलं. एवढीशी होती. बाप गाडीमागं धावत ओरडला, सुटलीस की इथंच ये, मी फाटकाशी असेन."

डेल्फीनच्या हातातला पंखा थांबला. "आजी तर म्हणायची, आमच्या घरानं कधी कुणाला विकलं नाही."

"म्हणणारच की. आजीच ती." व्हर्नेल हसली. हसण्यात खोच नव्हती.

"मग... आली का ती?"

"आली. पायी आली. पण तोवर हा दगड बसला होता."

व्हर्नेलनं दगडावरून हात फिरवला आणि ती सावकाश गाडीकडे गेली.

फाटकातून पुढचा घोळका आत आला. नवं लग्न झालेली एक मुलगी दगड वाचून थबकली. "अय्या, मोकळा होऊनही गेला नाही? असं का बरं?"

डेल्फीनच्या जिभेवर सवयीचं वाक्य आलं. तिनं ते गिळलं.

"आम्ही त्याची मुलगी विकली होती," ती म्हणाली. "तो तिची वाट बघत होता."