फाटकावरचा कागद

"तो कागद आजच्या आज निघाला पाहिजे!" चेअरमन बाबा अकिंडेले खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाले.

महिनाअखेरचा शनिवार. गटारं साफ करून अलाफिया गल्लीचा घरमालक संघ आंब्याखाली बसला होता. समोर गल्लीच्या फाटकावर सरकारी माणसांनी कालच चिकटवलेला कागद. त्यावर अयोकुन्ले मास्तरचा फोटो, नाव, पत्ता, आणि शिकवणीला येणाऱ्या दोन मुलींवर त्याने काय अत्याचार केला होता ते, स्वच्छ शब्दांत. तुरुंगातून सुटून तो इथे आला होता आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पुन्हा शिकवणी काढत होता. बाकंसुद्धा येऊन पडली होती.

आणि दुकान कोणाचं? संघाचे सेक्रेटरी ओगुनबियी यांचं! वर्षाचं भाडं आगाऊ खिशात पडलेलं, म्हणून सगळ्यांत मोठा गळा त्यांचाच.

"सकाळी एक कुटुंब खोली बघायला आलं. कागद वाचला आणि फाटकातूनच माघारी! असंच चाललं तर खोल्यांत काय उंदीर पाळायचे?"

"त्यांना लेकरं असतील. वाचलं म्हणून वाचली ती," मागून एक बाई म्हणाली. तिवाची आई, चेअरमनच्याच चाळीतली भाडेकरू. "माझी तिवा रोज त्या दुकानावरून शाळेत जाते. इथल्या किती आयांना अजून ठाऊकच नाही. कागद राहू द्या."

"भाडेकरूंनी इथे बोलायचं नसतं," सेक्रेटरी म्हणाले.

"बरं, नाही बोलत. पण बाबा, तुमच्या भिंतीवर लाल रंगात हातहातभर अक्षरं आहेत, 'हे घर विकाऊ नाही, ठगांपासून सावध'. कोणी ठग घर परस्पर विकेल म्हणून अख्ख्या शहराला बजावलंत. आमच्या पोरींसाठी एक कागद जड झाला?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. चेअरमन खाकरले.

"ते वेगळं, तिवाच्या आई. त्या माणसाने शिक्षा भोगली. चर्चमध्ये सगळ्यांसमोर गुडघे टेकले. त्यालाही अब्रू आहे, गल्लीलाही आहे."

"आणि त्या दोन पोरींना?"

चेअरमननी हात वर करायला सांगितले. घरमालकांनीच घरमालकांचे हात मोजायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार, डोंबल! ठराव पास झाला. फाटकावरचा राखणदार बाला याने बादलीभर पाणी मारून कागद खरवडून काढला. माल्टच्या गोड पेयाच्या बाटल्या उघडल्या, मंडळी गटारांच्या गप्पांना लागली. तिवाची आई तिथेच उभी होती.

एवढ्यात चेअरमनची नात इबुकुन भांडं घेऊन बर्फ आणायला निघाली. म्हातारा लगबगीने उठला, तिच्या मागे गेला आणि तिचं मनगट धरून हळू आवाजात म्हणाला, "कोपऱ्यावरून जायचं नाही. मागच्या रस्त्याने जा. आजच नाही, रोज. आणि त्या दुकानातल्या माणसाने हाक मारली तर थांबायचं नाही, कळलं?"

"का हो आजोबा?"

"सांगितलं तेवढं ऐक!"

तिवाची आई दोन हातांवर होती. तिने सगळं ऐकलं.

"त्या कागदात तरी दुसरं काय होतं, बाबा?" ती म्हणाली.