लोकरीची पेटी

माणूस जातो, प्रेम मागे उरतं, असं पाद्रीणबाई शवपेटीसमोर फार गंभीरपणे म्हणाल्या. गुनवोरच्या मागे प्रत्यक्षात उरलं ते असं: फ्रीजरभर लिंगोनबेरी, अर्धवट विणलेला एक मोजा आणि लोकर ठेवायची बर्चच्या लाकडाची पेटी. बेरी मुलीने, मालिनने, नेल्या. मोजा कुणालाच नको होता. पेटी मात्र नवऱ्याने, हाल्वारने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडी घातली आणि तिला भोकं पाडायला घेतली.

“बाबा, आईची पेटी आहे ती!”

“म्हणूनच,” हाल्वार म्हणाला. “संगणकाचा पत्र्याचा डबा तिला कधी आवडला नाही. घरात शवागाराचं कपाट ठेवल्यासारखं वाटतं म्हणायची. आता लाकडात बसवतो त्याला.”

हाल्वार कागद कारखान्यातला निवृत्त वायरमन. जन्मभर त्याची संध्याकाळ संगणकापुढे गेली. “मी त्या डब्यात जाऊन बसले तर निदान माझ्याकडे बघशील तरी,” असं गुनवोर म्हणायची, आणि तो “हं” म्हणायचा. या “हं”वर त्यांचा उभा संसार निभावला.

जमीन दगडासारखी गोठलेली होती, त्यामुळे दहनानंतर रक्षेचा कलश पुरता येईना; वसंत येईपर्यंत तो दफनभूमीच्या कार्यालयातच राहणार होता. हाल्वारचं काम तोवर सावकाश चाललं. पंख्यासाठी त्याने गोल भोक कापलं आणि धूळ आत जाऊ नये म्हणून त्यावर गुनवोरचा नायलॉनचा पायमोजा ताणून बसवला. लाकडातून वीज जमिनीत जात नाही, म्हणून आत तांब्याची पट्टी फिरवून अर्थिंग दिलं. मग तळाच्या वर चार बोटं जागा सोडून आणखी एक फळी ठोकली.

“हा दुसरा तळ कशाला?” मालिनने विचारलं. ती ऊमिओ शहरात राहायची आणि दर रविवारी गाडी काढून यायची.

“मधे वाळू भरेन. पंख्याची थरथर मरते.”

“आणि पॉलिश?”

“तिचा हात लागून झालंय तेवढं पुरे.”

मालिनला हायसं वाटलं. शेजारचा विधुर दारूत बुडाला होता. आपला बाप निदान भुशात आहे.

मे महिन्यात गोठलेली जमीन मऊ झाली. दफनाच्या आदल्या दिवशी बापलेक कलश आणायला गेले. “एक रात्र तिला घरी राहू दे,” हाल्वार म्हणाला. रक्षा घरी ठेवायला कायद्याने मनाई आहे. कार्यालयातली बाई खिडकीबाहेर बघू लागली, म्हणजे हो. मग तिने झाकण उघडून आतली भाजलेल्या मातीची चकती दाखवली. “हिच्यावर नंबर असतो. शवपेटीबरोबर भट्टीत जाते, रक्षेबरोबर कलशात येते. म्हणजे अदलाबदल व्हायला नको.”

“चांगली पद्धत आहे,” हाल्वार म्हणाला. एरवी तो नुसतं “हं” म्हणाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिन पोचली तेव्हा तो शेकोटी झाडत होता. हात कोपरापर्यंत राखाडी. “पाहुणे येणार ना कॉफीला,” तो म्हणाला. हिवाळाभराची राख त्याने साफ केली होती. बापाला घर झाडायची बुद्धी झालेली पाहून मालिनच्या डोळ्यांत पाणी आलं. कलश दोरीने खड्ड्यात सोडताना हाल्वार मात्र रडला नाही. “हवा बरी आहे आज,” एवढंच बोलला.

त्यानंतर तो पेटीपुढून उठेनासा झाला. सकाळी कळ दाबताना म्हणायचा, “चल, ऊठ बाई.” जेवायचं ताटही तिथेच. कॉफीचे कप दोन; त्यातला एक पेटीवर थंड होत बसलेला.

“बाबा, तू यंत्राशी बोलतोस.”

“ते उलट उत्तर देत नाही.”

“माझ्याकडे चल ना राहायला. किती दिवस असा एकटा बसणार आहेस?”

“एकटा कुठे?” हाल्वार म्हणाला आणि पेटीवर थाप मारली.

मालिनने त्या दिवशी ठरवलं, बापाला या खोक्यातून बाहेर काढायचं. नाहीतर आईपाठोपाठ हाही जाणार.

जूनमध्ये हाल्वारच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्याला दवाखान्यात सोडून मालिन त्याच्या घरी परतली. टेबलावर तिने नवा हलका लॅपटॉप ठेवला, फीत बांधून. माळ्यावर टाकला असता तर जुना संगणक त्याने खाली उतरवलाच असता, म्हणून तिने सगळी पेटीच कष्टाने उचलून गाडीत घातली. आतलं सामान कचरा केंद्रात द्यायचं आणि रिकामी पेटी स्वतःकडे ठेवायची. शेवटी आईची आठवण होती ती.

केंद्रातल्या नारिंगी जाकिटातल्या माणसाने स्क्रू काढून दिले. तारा आणि पट्ट्या विजेच्या सामानात, पंखा तिथेच, पायमोजा कापडात. मग त्याने वरची फळी उचकटली. खाली प्लास्टिकची गच्च बांधलेली पिशवी.

“वाळू आहे ती,” मालिन म्हणाली.

त्याने गाठ सोडून चिमूटभर बोटांवर घेतली. “वाळू कसली, बाई? राख आहे.”

मालिनला हसू आलं. शेकोटीची राख बापाने कुठे जिरवली ते आता कळलं. कंजूष म्हातारा, वाळूसुद्धा विकत आणवली नाही त्याला.

“थंड आहे ना?” माणसाने विचारलं.

“केव्हाचीच.”

“मग उरलेल्या कचऱ्याच्या कंटेनरमध्ये. पण पिशवीसकट नको. प्लास्टिक वेगळं.”

मालिन शिस्तीची बाई. तिने कंटेनरच्या कठड्याशी उभं राहून पिशवी उपडी केली. थोडी राख वाऱ्यावर गेली, बाकीची फाटक्या गाद्यांवर बसली. शेवटी काहीतरी टक्कन कठड्यावर आपटलं आणि घरंगळत तिच्या बुटाशी येऊन थांबलं. एक गोल चकती होती. तिच्यावर नंबर होता.

माणसाने ती उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

“भाजलेली माती? ती सात नंबरच्या कंटेनरमध्ये,” तो म्हणाला. “फुटक्या बश्यांबरोबर.”